तुम्ही विचारलंत म्हणून: देवावर टाकता म्हणजे नेमकं काय करता?

मी ख्रिस्ती आहे हे कळलं आणि ओळख थोडी मुरली की ऑफिसात, लोकलमध्ये, कुठेही हा प्रश्न येतोच: "अडचण आली की तुम्ही देवावर टाकून मोकळे होता. जमतं कसं?" त्यात कौतुक असतं, आणि हातपाय न हलवण्याची ही सोय तर नव्हे, अशी शंकाही.

मोकळं कोणी होत नाही, हे आधी सांगते. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात, पाचव्या अध्यायात, दोन वचनं पाठोपाठ आहेत. आधी देवाच्या हाताखाली लीन व्हा, आणि लगेच, सगळी चिंता त्याच्यावर टाका. आम्हाला त्यातलं फक्त दुसरं वचन पाठ असतं, कॅलेंडरवर तेच छापतात ना! पण टाकायचं तर आधी गाठोडं सोडून दाखवावं लागतं, आणि माणूस तिथेच अडतो.

जानेवारी 1982 मध्ये गिरणी संप सुरू झाला. वडील कापड गिरणीत, साचेखात्यात म्हणजे मागांवर होते. पगार थांबला, चाळीतली कितीतरी बिऱ्हाडं कोकणात, घाटावर गेली. आमचं गाव नावापुरतं. तिथे ना घर, ना शेत. वाण्याने उधारी बंद केली. चर्चच्या उपासनेत पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, मंडळीला, म्हणजे जमलेल्या सभासदांना विचारतात, कोणाची प्रार्थनेची विनंती आहे का. लोक आडून बोलतात, "आमच्या कुटुंबाची आठवण ठेवा." त्या रविवारी आई उभी राहिली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "गिरणी बंद आहे. घरातले तांदूळ संपत आलेत." वडील मान खाली घालून गीतांचं पुस्तक चाळत राहिले. घरी येताना फणकारले, "चारचौघांत सांगायचं काय अडलं होतं? देवाला माहीत नव्हतं?"

"देवाला होतं," आई म्हणाली, "मंडळीला नव्हतं."

मत्तयाच्या शुभवर्तमानात, 15व्या अध्यायात, एक कनानी, म्हणजे यहुदी नसलेली परकी बाई मुलीला बरं करा म्हणत येशूकडे येते. मुलांची भाकर घेऊन कुत्र्यांना घालणं बरं नाही, असं खुद्द येशू तिला म्हणतो. हा उतारा मला अजून सरळ वाचता येत नाही. ज्यांचे आजे-पणजे गावकुसाबाहेर राहिले, त्यांना तो कुठे लागतो ते वेगळं सांगायला नको. ती बाई मात्र हटत नाही. धन्याच्या मेजावरून पडलेला चुरा कुत्र्यांनाही मिळतोच की, म्हणते. येशू तिचा विश्वास मोठा म्हणतो. मला ती लाचार वाटत नाही. स्वतःचा मान सांभाळायला तिने मुलीला पणाला लावलं नाही, एवढंच.

त्या आठवड्यात मंडळीतल्या एका नर्सबाईंनी तांदूळ पाठवले, शेजारच्या मालवणी काकूंनी कुळीथ. पण वडिलांची गिरणी पुन्हा सुरू झाली नाही. ते गोदामावर वॉचमन झाले. त्यांनी काही हे मागितलं नव्हतं. गेथशेमाने बागेत येशूनेही हा प्याला, म्हणजे समोर आलेलं मरण, टळू दे म्हणून स्पष्ट मागितलं, आणि तो टळला नाही. विश्वास ठेवा, हवं ते मिळेलच, असं सांगणाऱ्यांशी म्हणूनच माझं जमत नाही.

सप्टेंबरात वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत लोक मेणाचं घर, मेणाचा पाय, मेणाचं बाळ घेऊन चढण चढतात. त्यात हिंदूही पुष्कळ. आम्ही प्रोटेस्टंट, आमच्यात नवस नाही, आणि आमच्यातले काहीजण त्याला हसतात. मला हसू येत नाही. ज्याचा पाय दुखतोय, तो पायच हातात धरून उभा असतो. काय हवंय ते सगळ्या रांगेला दिसतं.

राहता राहिलं, "मग डॉक्टरकडे जाता की नाही?" जातो. विमा आहे. मुलाच्या शिक्षणासाठी पतपेढीचं कर्जही काढलंय. जामीनदार हवा होता. नवरा म्हणाला, कोणापुढे तोंड उघडायचं? मी मंडळीतच विचारलं. पहिल्याने कामाचं निमित्त काढलं, दुसरे त्याच संध्याकाळी येऊन सही करून गेले.