कितवा महिना?

“कितवा महिना?” औषधांच्या दुकानातल्या काकांनी फोलिक ॲसिडची पट्टी काउंटरवर ठेवत माझ्या भाचीला विचारले, आणि “अजून काही नाही, पुढच्या वर्षी विचार आहे,” असे तिने सांगताच ती पट्टी हळूच मागे ओढून घेतली. “मग आत्तापासून कशाला? दिवस राहिले की या.”

काका भले गृहस्थ आहेत, पण ते वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना. ज्या नलिकेतून बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू घडतो, ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांतच मिटते, म्हणजे पाळी चुकल्याची खात्री करून घेऊन डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत ते काम बहुधा उरकलेले असते. ती नीट मिटली नाही तर बाळात दोष राहतो, आणि फोलिक ॲसिड हे जीवनसत्त्व तो धोका कमी करते. म्हणूनच ते रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून घ्यायला सांगतात. (आधीच्या बाळात असा दोष असेल तर मात्रा बरीच वाढते आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची असते.)

गंमत म्हणजे या जीवनसत्त्वाचा माग लुसी विल्स या ब्रिटिश डॉक्टरांना १९२८ नंतर मुंबईतच, गिरणीत काम करणाऱ्या गर्भवती स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करताना लागला होता.

भाचीने त्या बारीक पिवळ्या गोळ्यांची पट्टी पुन्हा आपल्याकडे ओढली. “काका, दिवस राहिले की पेढे घेऊन येते. गोळ्या मात्र आजच द्या.”