टपावरची अँटेना आणि खिशातला फोन : माझा अनुभव

डाळिंबाच्या बागा पाहून सल्ला देण्याचे माझे काम सोलापुरात बसून होत नाही. मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडची गावे, सांगोल्याचा माणदेशातला भाग, जत तालुक्याची पूर्व बाजू आणि सीमेपलीकडचे इंडी हा नेहमीचा फेरा असतो. डाळिंब राजस्थानात बाडमेर-जालोरकडे पसरल्यापासून अधूनमधून तिकडची लांबची खेपही त्यात आली आहे. फळावर तेल्या या रोगाचे डाग दिसले की त्यांचे स्वच्छ छायाचित्र तिथूनच सहकाऱ्याला पाठवून, दोघांनी बोलून फवारणी ठरवावी लागते, आणि नेमक्या त्याच ठिकाणी फोनवर रेंज नसते. गाडीपुरती तरी ही अडचण दूर करावी असे ठरवून मी फोन आणि बाहेरची अँटेना निवडायला घेतली.

बहुतेक जण आधी फोन पाहतात. मी मोबाइलच्या मनोऱ्यांपासून सुरुवात केली. दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ संकेतस्थळावर कोणत्या भागात कोणाचा मनोरा आहे आणि तो कोणत्या तंत्रावर चालतो, हे पाहता येते. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांमुळे कंपन्यांना आपापले व्याप्तीचे नकाशेही जाहीर करावे लागतात. नकाशातला रंग मात्र पत्र्याच्या गाडीत बसलेल्या माणसासाठी नसतो. म्हणून प्रत्येक बागेच्या बांधावर फोनमधल्या एका फुकट ॲपने सिग्नलची ताकद आणि बँड, म्हणजे तो कोणत्या लहरींच्या पट्ट्यात येतो ते, पाहून मी वहीत लिहीत गेलो. फोरजीची ताकद डीबीएम या मापात, उणे आकड्यांत दिसते; आकडा शून्याच्या जितका जवळ तितकी ताकद जास्त. उणे ८० च्या आसपास उत्तम, उणे १०० ला कामचलाऊ, आणि उणे ११५ च्या पुढे बोलणे तुटू लागते. पडद्यावरच्या दांड्यांवर विसंबू नये, कारण किती ताकदीला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते.

वहीतून एक गोष्ट स्पष्ट झाली. सोलापूर शहरात वेग देणारा २३०० मेगाहर्ट्झचा बँड ४० माळावर कुठेच नव्हता. लांबवर पोहोचत होते ते ८५० चा बँड ५ आणि ९०० चा बँड ८, आणि काही ठिकाणी १८०० चा बँड ३. बीएसएनएलची फोरजी सेवा ७०० च्या बँड २८ वरही असल्यामुळे तोही यादीत घेतला. त्यामुळे नवीन फोनसाठी माझ्या अटी थोड्याच उरल्या: हे पाचही बँड हवेत, दोन्ही सिमवर फोरजी कॉल चालले पाहिजेत आणि वायफाय कॉलिंग, म्हणजे मनोऱ्याऐवजी वायफायवरून आपल्याच नंबरने बोलण्याची सोय, हवे. जिओचे टूजी-थ्रीजी जाळेच नसल्याने तिथे फोरजी कॉलिंग नसलेला फोन बोलण्याच्या कामाचा नाही. परदेशातून कोणी आणून दिलेल्या फोनचे बँड तर आधी तपासावेतच. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सांगायला दुकानदार उत्सुक असतात; बँडची यादी मात्र कंपनीच्या संकेतस्थळावर आपणच शोधावी लागते.

खरी अडचण पुढे होती. नवी पेठेतल्या एका दुकानदाराला अँटेना जोडता येईल असा फोन मागितला, तर तो म्हणाला, “काका, तसली पिन आता कुठल्याच फोनला येत नाही.” ते खरेच आहे. जुन्या काही फोनच्या पाठीवर रबरी बुचाखाली अँटेनेचे भोक असे. आजच्या स्मार्टफोनला ते नसते. पाठीला चिकटवायची पट्टी लावून बाहेरची अँटेना जोडण्याचा एक प्रकार मिळतो, पण त्या सांध्यातच बराचसा सिग्नल वाया जातो. म्हणून फोन आणि अँटेना यांच्यामध्ये मी बाहेरची अँटेना जोडायची दोन भोके (एसएमए सॉकेट) असलेला फोरजी राउटर आणला. अँटेना राउटरला, सिमही राउटरमध्ये, आणि फोन त्याच्या वायफायवर. आपल्याकडे एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये वायफाय कॉलिंग सुरू केल्यापासून, राउटरमध्ये दुसऱ्या कंपनीचे सिम असले तरी फोनच्या स्वतःच्या नंबरवरून बोलता येते.

अँटेनेच्या खोक्यावरचा ‘गेन’चा आकडा जितका मोठा तितकी अँटेना चांगली, असे विक्रेते सांगतात. पण अँटेना ताकद निर्माण करत नाही; गेन म्हणजे ती सिग्नल एका दिशेला किती एकवटते त्याचे माप, आणि ते डीबीआयमध्ये सांगतात. भाकरीचा गोळा थापला की ती रुंद होते आणि जाडी कमी होते, तसेच जास्त गेनची उभी अँटेना सिग्नल क्षितिजाच्या दिशेने पसरवते आणि वर-खाली कमी देते. माणदेशाच्या सपाट माळावर सहा-सात डीबीआय उपयोगी पडतात. घाटात, जिथे मनोरा डोंगरावर आणि आपण खाली असतो, तिथे दोन-तीन डीबीआयची आखूड अँटेना बरी. माझ्या मते याहून महत्त्वाची आहे केबल. आरजी-१७४ ही बारीक केबल ९०० मेगाहर्ट्झला मीटरमागे सुमारे एक डेसिबल खाते आणि १८०० ला त्याहून जास्त. तीन डेसिबल गेले म्हणजे अर्धी ताकद गेली, हे लक्षात घेता अशा चार मीटर केबलच्या टोकाला महागडी अँटेना लावण्यात अर्थ नाही. मी जाड, कमी गळतीची केबल घेतली आणि ती शक्य तितकी आखूड ठेवली.

परदेशातले लोक अँटेना बुल बारवर, म्हणजे बंपरपुढे लावलेल्या लोखंडी दांड्यांवर, बसवतात. आपल्याकडे डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने बुल बारवर कारवाईचे आदेश राज्यांना दिल्यापासून तो मार्ग बंद आहे, आणि त्याची गरजही नाही. बोलेरोचा पोलादी टप चुंबकी अँटेनेला खाली लागणारा धातूचा सपाट पत्रा म्हणून उत्तम असतो. फोरजी दोन अँटेनांवर चालते, म्हणून दोन सारख्याच अँटेना फूटभराहून अधिक अंतरावर ठेवल्या. केबल दाराच्या रबराखालून आत घेतली आणि राउटरला गाडीच्या बॅटरीवरून फ्यूज लावून वेगळी वायर दिली. तो डॅशबोर्डवर नव्हे, तर सीटखाली ठेवला आहे. सोलापूरच्या मे महिन्यात काचेखाली कोणतेही यंत्र टिकत नाही.

दरम्यान बऱ्याच जणांनी ‘बूस्टर’, म्हणजे सिग्नल मोठा करणारे यंत्र, सुचवला. परवान्याशिवाय असे यंत्र बाळगणे आणि बसवणे बेकायदा आहे, आणि कारणही रास्त आहे: ते मनोऱ्याकडे गोंगाट पाठवते आणि आजूबाजूच्या सगळ्यांचे फोन बिघडवते. निव्वळ तारेने जोडलेल्या अँटेनेत सिग्नल मोठा करणारे काहीच नसते, म्हणून तो प्रश्न येत नाही.

जतजवळच्या एका बागेत, गाडीत बसून, फोनवर उणे ११७ दिसत होते तेव्हा राउटरवर उणे १०६ होते. तेवढ्या फरकाने छायाचित्र गेले आणि बोलणेही झाले. जिथे मनोऱ्याचा सिग्नल मुळातच पोहोचत नाही, तिथे मात्र यातले काहीही चालत नाही. बाडमेरच्या वाटेवर असे पट्टे आहेत. उपग्रह फोनचा विचार तिथे मनात येतो; पण थुराया आणि इरिडियमचे फोन भारतात बंदी असलेले आहेत, आणि बीएसएनएलमार्फत मिळणारा इनमारसॅटचा फोन परवान्याशिवाय वापरता येत नाही. त्यामुळे रेंज संपण्याआधी मी ज्यांच्या बागेवर जायचे त्यांना ठिकाण आणि पोहोचण्याची अंदाजे वेळ कळवतो, आणि तेवढ्यावर पुढे निघतो.