आमची वाटचाल : आधी बादली दाखवायची

लहानपणी घरातली कामे वाटून दिली गेली तेव्हा थोरल्या भावाच्या वाट्याला झाडांना पाणी घालणे आले, बहिणीकडे कपड्यांच्या घड्या गेल्या आणि मला मोरी मिळाली. जाळी उचलून तिच्याखाली साचलेला केसांचा आणि साबणाचा बुळबुळीत गोळा हाताने काढणे मला इतके किळसवाणे वाटे की एकदा मी तो काठीने आत ढकलून मोकळा झालो. चौथ्या दिवशी मोरी तुंबली. आईने कोपरापर्यंत हात घालायला लावून तोच गोळा माझ्याकडून बाहेर काढून घेतला आणि "ढकललास तू, काढायचाही तूच," एवढेच म्हणाली.

तुंबलेले सांडपाण्याचे नळ मोकळे करण्याचे काम मी पुढे एका मित्राच्या भागीदारीत सुरू केले, तेव्हा आमच्याजवळ नळात सारून हाताने फिरवायची एक लांब स्प्रिंग आणि दोन बादल्या होत्या. ती स्प्रिंग अजून आहे. ती अडली की जोर लावायचा नसतो, किंचित मागे घेऊन पुन्हा फिरवायची असते. हे आमच्या भागीदाराइतके कोणाच्या मनगटाला कळत नाही. नंतर कर्ज काढून जेटिंग मशीन, म्हणजे नळात जोराच्या दाबाने पाणी मारणारे यंत्र, घेतले. त्याच्या नळीच्या टोकाला बसवलेल्या नोझलच्या मागच्या भोकांतून पाणी उलट सुटते, त्या रेट्याने नळी पुढे सरकते आणि मळ मात्र मागे, आपल्या पायांशी येतो. म्हणून खालच्या चेंबरमधून वरच्या दिशेने काम करावे लागते. घाण अंगावर यायला नको असेल, त्याने हा धंदा करू नये.

मशीनचे हप्ते चालू असतानाच आमच्याकडे काम शिकलेल्या एकाने वेगळा धंदा मांडला आणि निम्म्या वेळात, निम्म्या पैशांत नळ मोकळे करून देऊ लागला. त्याची युक्ती म्हणजे कॉस्टिक सोडा. तो पाण्यात पडला की भयंकर उष्णता सुटते, चरबीचा साबण होतो आणि पाणी उतरलेले पाहून गिऱ्हाईक खूश होते. पण गोळा पुरता विरघळला नाही, तर तोच साबण पुढच्या वळणावर गार होऊन घट्ट बसतो. एका घरी आदल्या दिवशी असा सोडा ओतल्याचे आम्हाला कोणीच सांगितले नाही. ट्रॅप, म्हणजे मोरीखालचा पाणी साचून राहणारा बाक, उघडताच आतले पाणी आमच्याकडे कामाला असलेल्या मुलाच्या हातावर उडाले आणि कातडी सोलवटली. हातमोजे आखूड होते, ही चूक माझी. सोडा लपवला, ती माझी नव्हे. उपचारांचा खर्च आम्ही केला, हप्ते थकले, आणि बोभाटा मात्र आमचाच झाला.

त्या दिवसांत मुलींचे वसतिगृह चालवणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका तेवढ्या आमच्याकडे टिकल्या. बाई स्वतः विजेरी धरून चेंबरशी उभ्या राहत आणि "आत काय होते ते बादलीत दाखवा, मग पैसे मागा," म्हणत. वसतिगृहाच्या मोऱ्यांत अडकणाऱ्या केसांनी आमचे जवळजवळ वर्षभराचे हप्ते भरले, हे मी संकोच न करता लिहितो. तेव्हापासून बादली दाखवल्याशिवाय आम्ही पावती फाडत नाही.

विचारले नाही तरी सांगतो. जाळी आठवड्याला साफ करा. न वापरत्या मोरीत अधूनमधून तांब्याभर पाणी ओता, कारण ट्रॅपमधले पाणी आटले की गटाराचा वास थेट घरात येतो. आणि ब्लीचिंग व ॲसिड एकत्र कधीही ओतू नका, त्यातून क्लोरिन वायू निघतो. मोरीचे काम मुलांनाही द्या, पण हातमोजे घालून, आणि सोडा किंवा ॲसिड ओतलेल्या मोरीला त्यांना हात लावू देऊ नका.

प्रतिस्पर्ध्याची पाटी आजही आमच्यापेक्षा मोठी आहे. मागच्या महिन्यात त्याचा माणूस आमचे जेटिंग मशीन भाड्याने मागायला आला. भागीदार नको म्हणत होता, तरी मी दिले. मशीन परत आले तेव्हा नोझलची भोके मळाने बुजलेली होती. मी ती टाचणीने एकेक करून मोकळी केली आणि त्या कामाची मजुरी त्याच्या अनामतीतून कापून घेतली.