मालगाडीचा टाक टाक आवाज

छोट्या स्टेशनवरचा मास्तर रात्री काय करतो, तर फोन घेतो, लाईन क्लिअर देतो (म्हणजे मधली लाईन मोकळी आहे, गाडी पाठवा), त्याच्या खात्रीचा प्रायव्हेट नंबर लिहितो आणि डोळा लागू नये म्हणून चहा पितो. मी खान्देशातल्या असल्याच एका स्टेशनवर होतो तेव्हाची गोष्ट. जानेवारी महिना, थंडी अशी की हाताखालचा पॉइंट्समन शेगडीपासून हलायला तयार नव्हता.

३.५८ ला कोळशाची लोड मालगाडी थ्रू, म्हणजे न थांबता, गेली. मागे एक्स्प्रेस. बाजूच्या स्टेशनवाल्याने लाईन क्लिअर मागितली, मी दिली, ४.१० ला गाडी सुटली म्हणून त्याने टाइम सांगितला. तो वहीत लिहून पेन ठेवतोय तर मोबाईल वाजला. पेट्रोलिंगचे, म्हणजे रात्री रूळ तपासत चालणारे, मामा.

"साहेब, अपचा रूळ तुटलाय. गाडी सोडू नका."

म्हटलं मामा, गाडी सुटली.

पलीकडून दोन सेकंद आवाजच नाही. मग म्हणाले, "पोरगं पळालंय बत्ती घेऊन, तुम्ही वॉकीटॉकी सेटवर बोला."

आता गंमत बघा, माझ्यासमोर पॅनल, त्यावर सगळं नॉर्मल. आमच्या सेक्शनला ॲक्सल काउंटर होते, ते फक्त चाकं मोजतात, आत किती गेली आणि बाहेर किती आली, हिशोब जुळला की लाईन मोकळी. रूळ तुटला काय आणि अख्खा राहिला काय, त्याला पत्ता नाही. रुळातूनच करंट फिरवणारं ट्रॅक सर्किट असतं तर निदान लाल दिवा पेटण्याची शक्यता तरी होती. मी होम सिग्नल, म्हणजे स्टेशनात शिरायचा सिग्नल, लाल केला, पण तुटलेली जागा माझ्यापासून चार किलोमीटर बाहेर, म्हणजे ड्रायव्हरला माझा सिग्नल दिसणार कधी, तर त्या जागेवरून गेल्यावर!

एका कानाला कंट्रोल, त्याला सांगितलं ओएचई, म्हणजे वरच्या तारेची वीज, बंद करायला लावा आणि डाऊनची गाडी पण धरा, दुसऱ्या हातात वॉकीटॉकी, आणि मी नुसता ओरडतोय, अप एक्स्प्रेस लोको पायलट, थांबा, आहात तिथे थांबा, पुढे रूळ तुटलाय. उत्तर नाही, नुसती खरखर. परत ओरडतोय. पॉइंट्समन शेगडी सोडून दारात येऊन उभा. घड्याळात ४.१३, मग ४.१४. त्या दोन मिनिटांचं वर्णन मला जमणार नाही, फक्त एवढं आठवतं की थंडीत माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

४.१६ ला सेटवर आवाज आला, "मास्तर, गाडी खडी केलीये."

सकाळी सगळं कळलं ते असं. मालगाडी येताना मामा आणि त्यांच्या जोडीचा तो पोरगा रुळापासून बाजूला होऊन उभे होते. आमच्याकडे सगळा लाँग वेल्डेड ट्रॅक, सांधेच नाहीत, त्यामुळे लहानपणी ऐकलेला तो खडखड ताल आता येत नाही, गाडी नुसती घरघरत जाते. आणि मामांना लांबून कुठूनतरी टाक, टाक, टाक ऐकू आलं, एकेक चाक कशावर तरी आपटल्यासारखं. म्हणाले, "वेल्डिंगच्या ट्रॅकवर टाक कुठनं येणार?" गाडी गेल्यावर दोघं मागे फिरले, टॉर्च मारत. थर्मिट वेल्डच्या, म्हणजे दोन रूळ वितळलेल्या धातूने जोडतात त्या, जागीच रूळ उभा चिरला होता. बाजूंनी गंजलेला, चाकाखाली घासून गुळगुळीत, आणि तुटलेल्या तोंडाला मात्र ताजा करडा चकाकणारा रवा, खडीसाखर फोडल्यावर दिसतो तसा. मामांनी फटीत बोट घातलं, आरामात गेलं.

थंडीत हे होतंच. मोकळा रूळ असेल तर एका डिग्रीला किलोमीटरमागे सुमारे ११.५ मिमी आखडतो, पण वेल्डेड ट्रॅक स्लीपरला जखडलेला, त्याला आखडायला जागा नाही, सगळा ताण आतल्या आत, आणि एखादा वेल्ड कच्चा असला की पहाटे तिथेच सुटतो. म्हणून तर थंडीत पेट्रोलिंग असतं.

पोराचं ऐका. हा मेकॅनिकल इंजिनिअर, ग्रुप डीची परीक्षा देऊन ट्रॅकमन झालेला (असे खूप आहेत आता). नियम असा की तुटलेल्या जागेपासून ६०० मीटरवर रुळावर एक फटाका (चाकाखाली वाजून ड्रायव्हरला सावध करणारा) आणि १२०० वर तीन, दहा दहा मीटरवर. याने ६०० चा लावला आणि पुढचे लावायला खडीतून पळत होता तर समोर हेडलाईट दिसला. मग फटाके पिशवीतच राहिले, हा लाल बत्ती हलवत उभा. ड्रायव्हर नंतर मला म्हणाला की तुमचा सेटवरचा आवाज आला पण शब्द कळत नव्हते, ब्रेक मी बत्ती बघूनच मारला, फटाका वाजला तेव्हा गाडी रांगत होती. म्हणजे माझ्या ओरडण्याचा उपयोग शून्य. इंजिन तुटलेल्या जागेच्या साधारण चारशे मीटर अलीकडे थांबलं.

मग पीडब्ल्यूआय, म्हणजे रुळांचे इन्स्पेक्टर, आले, गँग आली, जॉगल्ड फिशप्लेट (वेल्डला वळसा घालणारी जोडपट्टी), क्लॅम्प, खाली लाकडी ठोकळा, आणि गाडी मुंगीच्या पावलांनी काढली. पुढच्या सगळ्या गाड्यांना २० च्या स्पीडचा कॉशन. तोपर्यंत कोणीतरी पॅसेंजरने १३९ ला तक्रारपण केली होती, गाडी विनाकारण उभी आहे म्हणून. मी हसलो नाही खरंतर, झोपेत असलेल्या माणसाला काय माहीत.

उजाडल्यावर दोघं स्टेशनवर आले. पोराच्या गुडघ्याला खडी लागून रक्त आलेलं, तो चहाच्या कपाला दोन्ही हात लावून बसला, काही बोलेना. मामांनी मात्र खिशातनं पेट्रोल बुक काढून माझ्यासमोर ठेवलं.

"सही करा साहेब. आणि टाइमाचं जरा बघा, आज आम्हाला यायला उशीर झालाय."