स्पॅममध्ये तीन आठवडे पडून राहिलेलं उत्तर

आज सकाळी स्पॅम फोल्डर उपसायला बसलो. लॉटरी, कुणाचा तरी वारसाहक्क, 'तुमचं खातं आज बंद होणार'... आणि त्या गाळात एका वेबकॉमिक काढणाऱ्या मुलीचा मेल! तीन आठवडे तसाच पडून. माझ्या पत्राला तिने सविस्तर उत्तर लिहिलं होतं, सोबत पुढच्या पानाचं पेन्सिलीतलं कच्चं रेखाटन. फार वाईट वाटलं.

मेलचे हेडर (तो कुठून, कसा आला याची लपलेली नोंद) उघडून पाहिले. डीकेआयएमची सही (पाठवणाऱ्या सर्व्हरने मेलला जोडलेली डिजिटल सही, वाटेत मजकूर बदलला तर ती जुळत नाही) जुळत नव्हती. वाटेत कुठल्यातरी सर्व्हरने मजकुराखाली एक ओळ चिकटवली होती, त्यामुळे सही मोडली. बस्स, एवढंच कारण.

इतकी वर्षं मेल सर्व्हर सांभाळतोय, म्हणून सांगतो, दुखणं मुळातलं आहे. १९८२ मध्ये एसएमटीपी (मेल एका सर्व्हरवरून दुसऱ्याकडे पाठवायचे नियम) ठरला तेव्हा पाठवणारा खरा कोण हे तपासायची सोयच त्यात ठेवली नव्हती. तेही जाहिरातीचा पहिला मेल येऊन गेल्यावर! १९७८ मध्येच अर्पानेटवरच्या (इंटरनेटच्या आधीचं जाळं) सुमारे ४०० जणांना एका संगणक कंपनीचा जाहिरातीचा मेल गेला होता. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या पाठवणारा खरा आहे का हे तपासायच्या पद्धती, ही सगळी नंतरची ठिगळं. (स्पॅम हा शब्द रुळवण्यात गेमिंगवाल्यांचाही हात आहे. मड गेम्समध्ये (अनेकांनी मिळून खेळायचे, नुसत्या मजकुरावर चालणारे ऑनलाइन खेळ) कुणी तोच मजकूर ओतून स्क्रीन भरून टाकली की त्याला स्पॅमिंग म्हणायचे.)

तिला लगेच उत्तर पाठवलंय. तुम्हीही ज्यांची वेबकॉमिक्स आवडीने वाचता, त्यांचे पत्ते आजच कॉन्टॅक्ट्समध्ये टाका. आणि स्पॅम फोल्डर एकदा उघडून बघाच.