मामेबहिणीला आज ऑर्डर मिळाली

तिला विचारूनच लिहितेय. आज कोर्टाने अंतरिम संरक्षण आदेश दिला. नवऱ्याने हात उचलायचा नाही, फोन-मेसेज करायचे नाहीत, तिच्या ऑफिसकडे फिरकायचं नाही. शिवाय घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तिला बाहेर काढायचं नाही. "घर काय तुझ्या बापाचं आहे का" हे पालुपद ऐकून ती पार खचली होती. 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातलं 'सामायिक घर' (म्हणजे ती नवऱ्यासोबत राहते ते घर) सासऱ्यांच्या मालकीचंही असू शकतं, हे सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये स्पष्ट केलंय.

मला मात्र संरक्षण अधिकारी (या कायद्याखाली बायकांना मदत करणाऱ्या सरकारी अधिकारी) मॅडमसमोर हिंसाचाराचा अहवाल भरला तो दिवस आठवतोय. थप्पड, लाथ, ढकलणं यावर ती भराभर खुणा करत गेली. पुढे नोकरी करू न देणं, पगार काढून घेणं. तिथे पेन थांबलं. "ताई, हेही धरतात?" तोवर तिने आम्हालासुद्धा फक्त मारच सांगितला होता.

वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून, मोफत. बायकांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. आदेश मोडला तर वर्षापर्यंत कैद किंवा 20 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. (दंड किरकोळच, पण गुन्हा अजामीनपात्र आहे.) अर्ज केल्यावर पहिली तारीख साधारण 3 दिवसांत, असं कायदा म्हणतो. आमची कधी पडली ते विचारू नका!

मामीचं अजून "जरा सांभाळून घे" चालूच आहे.

हेल्पलाइन 181. माझ्याशी बोलायचं असेल तर इनबॉक्स करा. घरात कोणी फोन तपासत असेल तर मैत्रिणीच्या फोनवरून.