जे आधी लागणार, ते वर: बेळगाव ते बिडदी

बंगळूरजवळच्या वंडरला पार्कला जायच्या तीन दिवस आधी मी सोप्यात चादर अंथरली आणि सात जणांचं सगळं सामान तिच्यावर मांडलं. नवऱ्याचे कपडे एका बाजूला, मुलांचे दुसऱ्या बाजूला, नणंदेसाठी आणि तिच्या मुलासाठी राखलेली जागा वेगळी. प्रत्येकाची एक बॅग, असा माझा हिशेब होता. सासूबाई खांबाला टेकून बघत होत्या. म्हणाल्या, "एवढं सगळं घेऊन चाललीस खरं, ह्यातलं पहिलं काय लागणार ते सांग की."

मला सांगता आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही एका वॉटर पार्कला गेलो होतो, तेव्हाही माणशी एक बॅग हाच हिशेब होता. धाकट्याची चड्डी शोधायला चार बॅगा उघडल्या, ओले कपडे कोरड्यांवर पडले आणि परतताना मोठी ओल्या फ्रॉकमध्येच कुडकुडत बसली. ती रात्र मी विसरलेली नाही. म्हणून या वेळी सासूबाईंचं ऐकायचं ठरवलं.

त्यांचं माहेर नंदगड. लहानपणी त्या घरच्यांबरोबर सौंदत्तीच्या यल्लम्माला जायच्या. भांडी, शिधा, अंथरूण सगळं बरोबर. त्यांची आई गाठोडी माणसांप्रमाणे बांधायचीच नाही, मुक्कामाप्रमाणे बांधायची. डोंगरावर जायच्या आधी जोगुळभावीच्या कुंडावर आंघोळ, म्हणून आंघोळीचं गाठोडं सगळ्यांत वर. मग पूजेचं, मग स्वयंपाकाचं. झोपायचं अगदी खाली. "अंधारात हात घातला तरी काय मिळणार ते ठाऊक असायचं," सासूबाई म्हणाल्या. मी चादरीवरचं सगळं विस्कटलं आणि पुन्हा मांडायला घेतलं.

आमचा बेत असा होता. बेळगावहून राणी चेन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रभराचा प्रवास, सकाळी बंगळूर, तिथून म्हैसूर रस्त्यावरच्या बिडदीजवळचं वंडरला, म्हणजे पाळण्यांचं आणि पाण्याच्या खेळांचं पार्क, आणि त्याच रात्री परतीची गाडी. लॉजमध्ये मुक्काम नाही. दोन रात्री रेल्वेत आणि मधला एक पूर्ण दिवस पार्कात. लहान मुलं आणि म्हातारं माणूस बरोबर असताना हे जमेल का, असं पुष्कळांनी विचारलं. जमतं, पण सामान शहाणपणानं बांधलेलं असेल तरच.

तर चार बॅगा झाल्या: रेल्वेची, सकाळची, पार्काची आणि परतीची.

रेल्वेच्या बॅगेत चादरी, पाण्याच्या बाटल्या, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. दशम्या दुधात भिजवलेल्या असल्यामुळे दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. वंडरलात बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, म्हणून मी मोजूनच केल्या. रात्रीच्या आणि सकाळी मुलांच्या हातात द्यायच्या, बस्स. सकाळच्या बॅगेत दात घासायचं, टॉवेल, प्रत्येकी एक जोडी, तेल आणि कंगवा. स्टेशनवरच्या प्रतीक्षालयात आवरायचं असलं की एकच बॅग उघडावी लागते. ती आत नेली, उरलेल्या तिन्हींवर नवरा बसून राहिला.

परतीची बॅग गाडीत बसेपर्यंत उघडायचीच नव्हती. सैल कपडे, पायमोजे, सासूबाईंची शाल. ती स्टेशनच्या क्लोकरूममध्ये, म्हणजे सामान ठेवायच्या खोलीत ठेवायची, आणि इथे एक गोष्ट आधीच ठाऊक असलेली बरी: रेल्वेच्या क्लोकरूममध्ये कुलूप नसलेलं सामान घेत नाहीत. सासूबाईंनी आपली शाल आणि पातळ नेहमीप्रमाणे चौकटीच्या लुगड्यात बांधून ठेवलं होतं. ते गाठोडं मला मोडावं लागलं. त्यांना वाईट वाटलं हे चेहऱ्यावर दिसलं. मग मी ते लुगड्यासकट चेनच्या बॅगेत घातलं, गाठ तशीच ठेवली. गणपत गल्लीत छोटी कुलपं मिळतात, दोन आणली. एक किल्ली माझ्याकडे, एक नवऱ्याकडे. आणि प्रवासाचं तिकीट हाताशी हवं, तेही विचारतात.

कागदांची पिशवी मात्र कुठल्याच बॅगेत नाही, ती माझ्या गळ्यात. आधार कार्डांचं आमच्या सीमेवरच्या घरांत वेगळंच असतं. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्यातल्या बायकांना साध्या सरकारी बसमधून फुकट प्रवास आहे. पण आधारवर कर्नाटकातला पत्ता पाहिजे. नणंद चंदगड तालुक्यात दिलेली, म्हणजे महाराष्ट्रात. बिडदीच्या बसमध्ये मला, सासूबाईंना आणि मोठीला शून्य तिकीट मिळालं आणि माझ्या शेजारी बसलेल्या नणंदेला पैसे भरावे लागले. तीही ह्याच घरात वाढलेली, आणि इकडून तिकडे दिली म्हणून कार्ड बदललं. तिनं निमूटपणे पैसे दिले. मला ते लागलं. तुमच्यात कोणी कोल्हापूरकडचं किंवा चंदगडकडचं असेल, तर त्यांच्यासाठी सुटे पैसे वेगळे काढून ठेवा, म्हणजे बसमध्ये गोंधळ होत नाही.

पार्काची बॅग बांधायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

पाण्याच्या खेळांना नायलॉनचेच कपडे लागतात, सुती चालत नाहीत. सूत पाणी पितं, जड होतं, धागे सुटून पाणी गाळायच्या यंत्रात अडकतात. तिथे विकत आणि भाड्यानं मिळतात, पण घरचे मापाचे असले तर मूल दिवसभर कपडे ओढत बसत नाही. टॉवेल मात्र जाड घेऊ नका. ही सूचनाही सासूबाईंचीच: पंचे घे. पातळ पंचा दोनदा पिळला की अर्ध्या तासात सुकतो, जाड टॉवेल भिजला की विटेसारखा जड होतो. सहा पंचे एका टॉवेलाच्या जागेत मावले. ओल्या कपड्यांसाठी साडीच्या चेनवाल्या प्लास्टिकच्या पिशव्या काढल्या. पाण्यात उतरणाऱ्या सहा जणांच्या सहा, प्रत्येकीवर मार्करनं खूण.

सोनं घरी. मंगळसूत्राऐवजी मी साधी काळी पोत घातली, मोठीच्या कानातले टॉप काढून डबीत ठेवले. चष्म्याला मागून दोरी. सासूबाईंची रक्तदाबाची गोळी त्यांच्या स्वतःच्या पिशवीत, छत्री आणि पाण्यासोबत. मे महिन्यात बंगळूरला दुपारनंतर वळीव येतो, तेव्हा छत्री उन्हाला आणि पावसाला दोन्हीला लागते. त्या पाण्यात उतरणार नव्हत्या. त्यांनी एका झाडाखाली बसायचं आणि चुकलं-माकलं माणूस तिथे यायचं, असं घरीच ठरलं.

मुलांच्या फोन नंबराची गोष्ट सांगितलीच पाहिजे. हातावर पेननं फोन नंबर लिहिला तर पहिल्याच लाटेत जातो. मी सुती पट्टीवर पक्क्या शाईनं नंबर लिहून ती चड्डीच्या आतल्या बाजूला शिवली. मोठी मराठी शाळेत जाते, पण तिथे कन्नडही शिकते. तिनं नंबराखाली कन्नडमधून लिहिलं: हा मुलगा हरवलाय, आईला फोन करा. तिथला पहारेकरी मराठी वाचणार नाही, हे तिच्याच लक्षात आलं होतं, माझ्या नाही.

आणि उंची. वंडरलात लहान मुलांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर ठरतं, आणि पाळण्यांनाही कुठे कमीत कमी उंचीची अट असते. मी दाराच्या चौकटीवर पेन्सिलनं खुणा केल्या, चप्पल काढून. धाकटा आणि नणंदेचा मुलगा एकाच वर्षाचे, पण भाचा चार बोटं उंच. काही मोठ्या पाळण्यांत भाचा बसेल आणि आपण नाही, हे धाकट्याला मी घरीच सांगितलं. रडला, पण घरी रडला. पाळण्यासमोरच्या रांगेत, अर्धा तास उभं राहिल्यावर ते कळलं असतं तर सगळ्यांचीच दुपार गेली असती. दुसऱ्यांचं मला ठाऊक नाही, पण मला वाटतं सगळ्या बांधाबांधीत ही पेन्सिलची रेघ सगळ्यांत मोलाची होती.

गाडीत धाकट्यानं विचारलं, राणी चेन्नम्मा कोण? सासूबाई खिडकीशी होत्या. कित्तूरची राणी, १८२४ मध्ये इंग्रजांशी लढली, असं त्यांनी सांगितलं. तिचा सेनानी संगोळ्ळी रायण्णा, त्याला १८३१ मध्ये त्यांच्याच नंदगडात फाशी दिलं, त्याच्या समाधीवर अजून वड आहे. सकाळी बंगळूरला उतरल्यावर फलाटावरच्या पाटीवर मोठीनं वाचलं: क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा. सासूबाई तिथेच थांबल्या आणि पाटीला हात जोडले. मागून हमाल ओरडत होता, तरी आम्ही कोणी त्यांना घाई केली नाही.

बिडदीला उतरून तट्टे इडली खाल्ली. ताटलीएवढी, मऊ, वर लोणी. मुलांना प्रत्येकी एकच दिली, कारण गरगर फिरणाऱ्या पाळण्यात भरल्या पोटी बसवायचं नव्हतं. तिथून रिक्षानं पार्क.

सासूबाईंच्या आईचा क्रम आंघोळ आधी, डोंगर नंतर. मी इथे उलटा केला: कोरडे पाळणे सकाळी, पाणी जेवणानंतर. म्हणजे दिवसात कपडे एकदाच बदलायचे, लॉकर एकदाच उघडायचं. लॉकरमध्ये पार्काची बॅग ठेवताना वर नायलॉनचे कपडे, मध्ये पंचे, तळाला कोरडी जोडी. दुपारी तीनच्या सुमाराला वळीव आलाच, काही पाळणे थांबले. आम्ही तेव्हा पाण्यात होतो, भिजायचं आता काय राहिलं होतं! नणंद लाटांच्या तळ्यात मुलांसारखी ओरडत होती. लग्नानंतर मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

धाकटा एकदा खरंच चुकला. दहा मिनिटं. आम्ही धावत झाडाखाली गेलो तर तो सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून बसला होता. पट्टी वापरायची वेळ आली नाही.

परतीच्या गाडीत सकाळी खानापूर मागे पडलं तेव्हा मुलं अजून शालीत गुरफटलेली होती. घरी आल्यावर बाकीच्या बॅगा तशाच ठेवून मी फक्त साडीच्या पिशव्या काढल्या. सासूबाईंनी मोजल्या, पाच भरल्या. सहावी भाच्याची, ती त्याच्या खुणेसकट नणंदेच्या बॅगेतून चंदगडला गेली होती. संध्याकाळी तिचा फोन आला: पंचे वाळले, आता श्रावणात सौंदत्तीला जाऊ तेव्हा घेऊन येते.